रिकामी ठेवलेली धार

लोरेटा ऑर्कट आमच्या गावात शाळेची बस चालवायची. गावावरच्या डोंगराच्या माथ्यावर, कोल्टरच्या धारेवर, राहणारी सगळी पोरं तिच्या बसमधून शाळेत गेली, माझीही. वणव्यात ती सगळी वस्ती जळाली आणि धारेवर नुसती विटांची धुराडी उभी राहिली. खाली उतरायला एकच अरुंद रस्ता होता. त्यावर गाड्या अडकून माणसं मेली. त्यांतली दोघं लहानपणी लोरेटाच्या बसमध्ये बसलेली होती.

पुढच्या वर्षी खोऱ्यातल्या गावांनी मिळून समिती नेमली आणि आराखडा केला. धारेवर पुन्हा घरं बांधायची नाहीत, जमीन विकत घेऊन कायमची मोकळी ठेवायची, शेळ्या चारून गवत आखूड राखायचं आणि हिवाळ्यात झुडपं आपणच जाळून टाकायची, म्हणजे जंगलातली आग गावापर्यंत येणार नाही. नकाशे काढणारे काढून गेले. लोकांकडे जाऊन जमीन मागायचं काम मात्र लोरेटाच्या गळ्यात पडलं. तिने ते घेतलं, आणि सभेत एकच अट घातली: सवलत कुणालाही द्यायची नाही. झोपडी नाही, कुंपण नाही, थडगंसुद्धा नाही. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, असं तिचं म्हणणं.

ती आमच्या खाली गावातल्या भाड्याच्या घरीही आली. बायकोने दिलेली कॉफी तशीच गार झाली. आम्ही धारेवरची जागा दिली. सगळ्यांनी इतक्या सरळपणे दिली नाही. धारेवरच्या आमच्या जुन्या शेजाऱ्याने तिला दारातच ऐकवलं, "बस चालवायचीस तेव्हा घरी सोडायचीस. आता घरातून काढायला आलीस होय?" ती पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच दारात गेली.

शेवटी राहिला तिचा थोरला भाऊ वेंडेल. जळक्या घराशेजारी गाडीला जोडायची जुनी फिरती खोली लावून तो एकटाच राहत होता. बापाने लावलेलं सफरचंदाचं झाड बुंध्यापासून पुन्हा फुटलं होतं, त्याला तो बादलीने पाणी घालायचा. लोरेटा गेली की तिला घेवड्याची उसळ वाढायचा आणि तिचं सगळं ऐकून घ्यायचा. उत्तर ठरलेलं.

"रस्ता बंद करणार आहेत, वेंडेल. तुला काही झालं तर अँब्युलन्सही यायची नाही."

"नको येऊ दे. शेजार होता तो तूच उठवलास. आता माझी काळजी कशाला?"

हिवाळ्यात तो बर्फावर घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातल्या खाटेवरून त्याने सही केली. पटलं म्हणून नव्हे, थकला म्हणून. "घे," म्हणाला, "तुला धार रिकामी हवी होती ना." तिथून त्याला थेट वृद्धाश्रमातच नेलं.

काही वर्षांनी ऑक्टोबरच्या कोरड्या वाऱ्यात पुन्हा वणवा पेटला. धारेवर आला आणि आखूड गवतात त्याचा जोर ओसरला. तिथेच अग्निशमन दलाच्या जवानांनी तो अडवला. खाली गावात एक छप्परही गेलं नाही. बाहेर त्याची कुणी दखल घेतली नाही. न जळलेल्या गावाची बातमी होत नाही.

लोरेटा भावाला सांगायला गेली. मीच तिला गाडीने नेलं होतं. तो खिडकीशी बसला होता, बाहेर अजून धूर होता.

"आपलं घर असतं तर?" त्याने विचारलं.

"गेलं असतं. तूही गेला असतास."

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाला, "तरी मी वरच असायला हवं होतं, लोरेटा."

नाताळाच्या आधी तो गेला. आपली राख धारेवरच्या सफरचंदाच्या झाडाखाली पुरावी, असं त्याने परिचारिकेला सांगून ठेवलं होतं. समितीतले लोक डोळेझाक करायला तयार होते. मीही म्हटलं, कुणाला कळणार आहे?

"ज्यांना मी नाही म्हटलं, त्यांना काय सांगू?" ती म्हणाली.

वेंडेलची राख हमरस्त्याकडेच्या दफनभूमीत पुरली. ट्रकच्या आवाजात पाद्रीबाबांचे शब्दही नीट ऐकू आले नाहीत. लोरेटाने त्यानंतर समिती सोडली. वसंतात धारेवर शेळ्या चारणाऱ्याने निरोप पाठवला, धार फुलांनी भरलीय, एकदा येऊन बघा. ती गेली नाही. मी अधूनमधून तिच्याकडे जातो, आम्ही हवापाण्याचं बोलतो. वेंडेलचं नाव ती काढत नाही, आणि माझीही हिंमत होत नाही.