खालच्या कप्प्यातली ओल

नाशिकरोडच्या कॉलनीत आम्हांला दोन खोल्यांचं बैठं घर मिळालं, तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो झोपायच्या खोलीतल्या कपाटाचा. त्याआधी पाच वर्षं आमचा संसार एका लोखंडी ट्रंकेत मावत होता. हे कपाट भिंतीतलं होतं. कडप्प्याचे तीन कप्पे आणि लाकडी दारं. खालच्या कप्प्यात मी माझ्या पांढऱ्या साड्या ठेवल्या, पौर्णिमेला विहारात जाताना नेसायच्या. त्यांच्या शेजारी डी.एड.चं सर्टिफिकेट आणि लग्नाचा अल्बम.

दुसऱ्या पावसाळ्यात दार उघडलं तर कुबट वास. साडीच्या घडीवर मोहरीएवढे काळे ठिपके पडले होते. अल्बममध्ये नवऱ्याच्या चेहऱ्यावर पांढरी लव उगवली होती. ऐन लग्नात तो म्हातारा दिसत होता. मी हसले, आणि मग साडी उलगडून पाहिली तेव्हा रडूच आलं.

नवरा कचेरीत कारकून. त्याने लगेच निदान केलं, "ठेकेदारानं सिमेंट खाल्लंय." आणि सोसायटीला अर्ज लिहिला. मग स्मरणपत्र. मी आपली कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या ठेवत राहिले. त्याने कपाटात साठचा बल्ब टांगला. दिवसभर बल्ब जळायचा, कपडे ऊन ऊन लागायचे आणि बुरशी तशीच. शेवटी त्याने आतून हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. महिन्याभरात रंगाला फोड आले, ते फुटून पाणी कप्प्यात उतरलं.

दिवाळी झाली, आभाळ कोरडं झालं, तरी ओल हटेना. हे मात्र आम्हां दोघांनाही कळेना.

त्या हिवाळ्यात शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं. भाताची कापणी उरकून पेठ तालुक्यातली माणसं कामावर आली होती. त्यांतली एक बाई माझ्याच वयाची. दुपारी शाळेतून मी परतले की ती पाण्यासाठी यायची. मी तिला बाई म्हणायची, ती मला बाई म्हणायची.

एकदा ती आली तेव्हा मी कपाट रिकामं करून सगळं पलंगावर पसरलं होतं. ती दारातच थांबली.

"काय झालं, बाई?"

"बघा ना. पाऊस जाऊन दोन महिने झाले, तरी भिंत ओली."

ती आत आली. तिने खालच्या कप्प्यात हात घालून तळवा भिंतीला टेकवला, मग मधल्या, मग वरच्या. वरची भिंत कोरडी होती.

"हे पाणी वरून नाय येत," ती म्हणाली. "या भिंतीच्या भायेर काय हाय?"

बाहेर नवऱ्याचा गुलाबांचा वाफा होता. भिंतीला लागून विटांचा कट्टा रचून त्याने गुडघाभर माती भरली होती. रोज सकाळी तो चार बादल्या पाणी घालायचा. कॉलनीतले लोक ते गुलाब बघायला येत.

तिने वाफ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "आमच्याकडं लय पाऊस. पण भितीला मातीचा ढीग नाय लावत कोनी. कारवीचा कूड सडतो."

संध्याकाळी नवऱ्याला मी हे कसं सांगावं या विचारात दोनदा चहा केला. "अहो, ओल तुमच्या गुलाबांची आहे," एकदाचं बोलून टाकलं.

"काहीतरीच. गुलाबानं कुठं भिंत भिजते?"

"गुलाबानं नाही. तुम्ही रोज घालता त्या पाण्यानं."

तो बाहेर जाऊन वाफा बघून आला. रविवारी सकाळी लेंगा खोचून, कुदळ घेऊन स्वतःच वाफा खणायला बसला. माती हटली तशी काळीकुट्ट भिंत दिसली. तिला हात लावून तो एवढंच म्हणाला, "मी उगाच त्या ठेकेदाराला अर्जांत नावं ठेवली."

गुलाब आम्ही तेलाच्या डब्यांत लावले. निम्मे जगले, निम्मे गेले. भिंत होळीपर्यंत उघडी वाळू दिली. मग त्या बाईने आणि तिच्या नवऱ्याने बाहेरून गिलावा केला. माझा नवरा त्यांना पाणी आणून देत होता आणि मधूनमधून विचारत होता, "आता कुंडी ठेवली तर चालेल ना?"

"हातभर लांब ठेवा, सायेब," ती म्हणायची.

पाऊस लागायच्या आधी ती माणसं पेरणीला गावी गेली. आषाढात मी रोज कपाट उघडून तळवा टेकवून पाही, तिने टेकवला तसा. भिंत गार लागायची, पण कोरडी. श्रावण लागेपर्यंत मी पाहायचं विसरूनही गेले. त्या वर्षी खालच्या कप्प्यात आम्ही पापड आणि कुरडयांचे डबे ठेवले, कारण स्वयंपाकघरात जागा पुरत नव्हती.