गांधीलमाशीचं शेवटचं काडतूस

माझ्या लहानपणीच्या दुपारच्या झोपेत हरणं असायची. त्याला कारण आण्णा आणि चाचा. अणदूरच्या अलीकडे, माळाला लागून आमचं शेत आणि शेतातच घर. जेवणं झाली की आण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर आडवे व्हायचे. त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, गावात गाद्या-रजया भरणारे चाचा, खांबाला टेकून बसायचे. मग दोघं मिळून कधीकाळी केलेल्या शिकारी पुन्हा नव्याने करायचे. मी मधे गोधडीवर. ज्वारीच्या धसकटातून ससा निघायचा, कान टवकारायचा, आणि पुढचं काही होण्याआधी माझा डोळा लागायचा. त्यामुळे त्यातल्या कुठल्या शिकारी त्यांनी खरंच केल्या आणि कुठल्या मी झोपेत पाहिल्या, हे मला आज विचाराल तर सांगता येणार नाही. तसे दोघेही थापा मारण्यात एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असेच होते.

सगळ्या गोष्टी एकाच रायफलीच्या. आजोबांनी ती निजामाच्या राज्यात कुणा साहेबाकडून घेतलेली. पंचक्रोशीत ज्यांच्याकडे बंदुका होत्या त्यांच्याकडे बारा बोअर, नाहीतर ठासणीच्या. आमची तेवढी वेगळी, पॉइंट टू टू हॉर्नेट. तिचं काडतूस माझ्या करंगळीहून बारीक, पितळेचं, वर मान आवळलेलं. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी हे गावात कुणीतरी इंग्रजी शिकलेल्याने सांगितलं आणि तेव्हापासून रायफलीचं नावच गांधीलमाशी पडलं. बारा बोअरवाले हसायचे. एवढ्याशा गोळीने काय मरायचं, असं म्हणायचे. आण्णा त्यांच्यावर अजूनही चिडतात, ते सगळे कधीच वर गेले असले तरी.

त्या काडतुसाचे दोघांचे अनुभव मला पाठ आहेत. तित्तिरावर जवळून झाडलं तर खायला फक्त पिसं उरतात, कारण गोळी आत जाऊन फुटते. रानडुकरावर तर ते मुळीच झाडायचं नाही. आजोबांनी एकदा झाडलं, तर डुकराने मान झटकली आणि ते चालायला लागलं. जखमी जनावर सोडायचं नाही म्हणून आजोबा बोरी नदीपर्यंत त्याच्यामागे गेले, ते मिळालंच नाही, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. गोळी हलकी, त्यामुळे माळावरच्या वाऱ्याने सरकते. म्हणून आधी गवताकडे बघायचं, मग जनावराकडे. आणि दोघांच्या सगळ्यात आवडीची गोष्ट म्हणजे तिचा आवाज. बारा बोअर धडाडते तसं हिचं नाही. वाळकी बाभळीची काटकी मोडावी तेवढाच चट आवाज. लांब उभं राहिलेल्या माणसाला जनावर आधी पडताना दिसतं आणि आवाज मागून येतो.

"आधी पडतं, मग ऐकू येतं," चाचा म्हणायचे आणि डोळे मिटायचे. ते एवढ्या हळू म्हणायचे की माझी उरलीसुरली झोप तिथेच लागायची.

एक गोष्ट मात्र ओसरीवर नेहमी अर्धीच सांगितली जायची. ती पूर्ण मला आईने सांगितली, भाकरी थापताना. चाचांनी आण्णांबरोबर सगळं रान पालथं घातलं, माग काढला, पाण्याची पिशवी वाहिली, पण रायफल कधी चालवली नाही. एका हिवाळ्यात पहाटे आण्णांनी ती त्यांच्या हातात दिली. आजचा बार तुझा, म्हणाले. चाचा बांधाआड पालथे पडले. धुकं विरळ झालं आणि समोर काळवीट आला, काळाभोर, पीळदार शिंगांचा. तसला पुन्हा दिसायचा नाही. आण्णांनी चाचांच्या हातातून रायफल ओढून घेतली आणि स्वतः झाडली. काळवीट पडला. पुढचा तुझा, असं आण्णा म्हणाले. पुढच्या हंगामाआधी शिकारबंदीचा कायदा आला.

चाचा ती गोष्ट सांगताना धुकं सांगायचे, शिंगं सांगायचे, आवाज मागून आला ते सांगायचे. ओढून घेतल्याचं गाळायचे. आण्णा त्या वेळी छताकडे बघत असायचे.

शेतीरक्षणाचा परवाना असल्यामुळे रायफल घरात राहिली, पण पिकातली जनावरं उठवायला हवेत बार काढून काढून काडतुसं संपत आली. सोलापूरच्या दुकानदाराने हात वर केले. असलं काडतूस आता कुणी मागत नाही आणि येतही नाही, म्हणाला. शेवटी एक उरलं. ते चाचांचं, असं आण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि आईच्या हवाली केलं. आईने ते देव्हाऱ्यातल्या हळदी-कुंकवाच्या करंड्यात ठेवलं. आधी दोघांना वाटायचं बंदी उठेल. मग वाटलं, रानडुकरं येतात पण त्यांच्यासाठी हे काडतूस नाही. पुढे पुढे हरणांचे कळप आमच्या हरभऱ्यात खुशाल उतरायला लागले, तर चाचाच त्यांना हाकलायला नको म्हणायचे. बघत बसायचे. मारायची इच्छा कधी गेली ते त्यांनाही कळलं नसावं. पण तो एक बार झाडायची इच्छा होती. दर खंडेनवमीला विळे, कोयते, पहार आणि अलीकडे ट्रॅक्टरचे पाने यांच्याबरोबर ती रायफल पाटावर यायची. तिच्यापुढे विड्याच्या पानावर ते एकटं काडतूस. आई त्याला मनापासून पुजायची. समईतल्या तेलात बोट बुडवून टिळा लावायची, हळद, कुंकू, झेंडूचं फूल. चाचा दारात उभे राहून बघायचे. आई दरवर्षी आण्णांना ऐकवायची की त्या माणसाचा बार देऊन टाका, शब्द असा शिळा करू नये.

मला त्या रायफलीचा खरं तर राग यायचा. दोन म्हातारी माणसं एका नळीपायी एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत, हे मला दिसायचं. तरीही दसऱ्याला उमरग्याहून माहेरी आले की पाटावरची ती बघितल्याशिवाय सण झाल्यासारखं वाटायचं नाही.

या दसऱ्याला पोलीस ठाण्यातून फोन आला. निवडणूक जवळ आली, आचारसंहिता लागेल, हत्यार जमा करा. हे दर निवडणुकीला असतंच. रायफल जाते आणि जरा गंजून परत येते. पण आण्णांनी फोन ठेवला आणि म्हणाले की या खेपेला जमा केली की परत आणायची नाही. हात कापतो, परवान्याचं पुन्हा करायचं कुणी, पुण्यातल्या माझ्या भावाने तर घरात असली वस्तू नकोच म्हणून सांगितलेलं. आई ज्वारी निवडत होती. तिला हल्ली ऐकायला कमी येतं, पण हे तिने बरोबर ऐकलं.

"मग त्यांचा बार कधी द्यायचा? म्या गेल्यावर?" ती म्हणाली.

आण्णा उठले. त्यांनी चाचांना निरोप धाडला.

चाचा आले ते धुतलेल्या कपड्यांत, दाढी विंचरून. आधी नाही म्हणाले. आता हरीण आणि शेळी डोळ्यांना एकच दिसतं, कशावर झाडायची, म्हणाले. आई आतून करंडा घेऊन आली आणि काडतूस त्यांच्या तळहातावर ठेवलं.  चाचांनी मूठ मिटली आणि ते रानाकडे चालायला लागले, मागून रायफल घेऊन आण्णा आणि मी.

ऊन नुकतं तापायला लागलं होतं. सोयाबीन निघालेलं, रान मोकळं, आणि माळाच्या माथ्यावर पवनचक्क्या अगदी सावकाश फिरत होत्या. आण्णांनी टेकाडाच्या पायथ्याला, मागे माती येईल असा दगड बघितला आणि त्यावर झाडाचं ताजं काढलेलं सीताफळ ठेवलं. चाचा बांधाआड पालथे पडले. पडायला त्यांना बराच वेळ लागला. आण्णा त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसले, काडतूस भरून रायफल त्यांच्या हातात दिली आणि आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. ते मी बघितलं आणि मला एकदम भरून आलं.

चाचांनी गवताकडे बघितलं. वारा नव्हता. मग त्यांनी गाल लाकडाला लावला आणि चाप ओढला.

खट्. पेटीची कडी लागावी तसं वाजलं आणि संपलं.

"हलवू नको," आण्णा म्हणाले.

बार उशिरा सुटू शकतो, म्हणून नळी समोरच ठेवून थांबायचं, हा आजोबांचा नियम. तिघंही थांबलो. नियमाला जेवढं थांबायला लागतं ते कधीच उलटून गेलं असेल, पण चाचा हलले नाहीत आणि आण्णांनीही त्यांना उठ म्हटलं नाही. पवनचक्कीच्या पात्याची सावली रानावरून जायची आणि पुन्हा यायची. लांब माळावर हरणं होती, माना खाली घालून चरणारी. मला लहानपणीसारखी गुंगी यायला लागली. वाटलं, ज्वारीच्या धसकटातून आता ससा निघेल. वाटलं, धुकं अजून विरळ व्हायचंय, चाचा अजून विशीतले आहेत, आणि कुणी त्यांच्या हातातून काही ओढून घेतलेलं नाही. हे असंच थांबावं, असं मला मनापासून वाटलं.

"हिचा आवाज उशिरानंच येतुया," चाचा दबकत म्हणाले.

आण्णांना हसू आलं नाही. त्यांनी रायफल घेतली, काडतूस बाहेर काढलं आणि उन्हात धरलं. मागच्या टोपीवर, जिथे ठोका बसून ठिणगी पडते तिथे, खड्डा नीट पडला होता, ठोका बरोबर बसला होता. पण टोपीच्या कडेने काळपट तेलकट वळं होतं, त्यात हळद मुरलेली. दर खंडेनवमीचं आईचं बोट. टोपीने तेल प्यायलं होतं आणि आतली दारू कधीच गारद झाली होती. काडतुसाला तेल लावू नये हे आण्णांना ठाऊक होतं. पण पूजा आईची, करंडा आईचा, पूजेच्या वेळी ते त्या काडतुसाकडे बघायचंच टाळायचे आणि करंडा त्यांनी उघडून कधी पाहिलाच नव्हता. आता दुसरं काडतूस सोलापुरात नाही, कुठेच नाही, आणि रायफल उद्या ठाण्यात.

आण्णा बांधावर बसले. इतके म्हातारे मला ते तोवर कधी दिसले नव्हते.

"तुझा बार म्या दोनदा खाल्ला," ते चाचांना म्हणाले. "पयल्यांदा हातातनं घेतला. अन् आता असा."

एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं. चाचांनी त्यांच्याकडे बघितलं, मग टेकाडाकडे. हाताचा रेटा देऊन उठले, गुडघे झटकले आणि चालत दगडापर्यंत गेले. सीताफळ घेऊन आले. अंगठ्याने उकललं, अर्धं आण्णांना दिलं, त्यातलंच थोडं मला. आम्ही बांधावर बसून ते खाल्लं. फार गोड होतं. बिया चाचा लांब लांब थुंकत होते, त्यातली कुठली किती लांब गेली ते आण्णांना दाखवत होते, आणि शेवटी आण्णांनीही एक थुंकली.

घरी आलो तर आई अंगणात उभीच होती. सूप तसंच हातात.

"लागली का?" तिने विचारलं.

आण्णांनी तोंड उघडलं. ते खरं सांगणार होते, शिकारीच्या थापा सोडल्या तर आईसमोर त्यांना दुसरं जमत नाही. पण तेल म्हटलं असतं तर आई आयुष्यभर स्वतःला बोल लावत बसली असती, हे चाचांना त्यांच्या आधी कळलं.

"लागली वैनी," चाचा म्हणाले. "सीताफळ पार उडालं. तुमाला बार ऐकू न्हाय आला?"

आईने चाचांकडे बघितलं. त्यांच्या विंचरलेल्या दाढीत सीताफळाचा पांढरा गर लागला होता आणि एक काळी बी अडकली होती. आई त्या बीकडे जरा वेळ बघत राहिली.

"आला की," ती म्हणाली. "जरा उशिरानं आला, पर आला."

मग तिने सूप खाली ठेवलं आणि चहाचं आधण टाकायला आत गेली. आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला. चाचा नेहमीच्या खांबाला टेकून बसले.