आबा, आधी हात काढा

दादाचा फोन आला तेव्हा मी गंगाखेडच्या बसस्टँडवर उभा होतो. "मीना गेली रे..." एवढंच तो बोलला. आजार कळला होता, तरी मन तयार नव्हतं. आता काही आठवडे उलटल्यावर लिहायला बसलोय, आणि वहिनींविषयी 'होत्या' लिहिताना अजून राग येतो.

मीनावहिनी मानसशास्त्र शिकलेल्या. डोळ्याला, कानाला, हाताला काय आणि कसं कळतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. शेतीपंपाचे स्टार्टर बनवणाऱ्या कंपनीत त्या लागल्या तेव्हा मी चिडवलं होतं, "आता मोटारीचं मन वाचणार का?" त्या म्हणाल्या, "मोटारीचं नाही भाऊजी, आबांचं."

आबा म्हणजे आमचे वडील. आमच्या झरी गावात लाईटीचा भरवसा नाही, म्हणून जो तो स्टार्टर ऑटोवर टाकून ठेवतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. एका दुपारी लाईट गेलेली असताना मोटार आणि पंपाच्या जोडात दोरी गुंतलेली आबांना दिसली. ते वाकले, हात आत घातला. वहिनी बांधावर चहा पीत होत्या.

"आबा, हात काढा."

"स्टार्टरवरचा दिवा इझलाय की. बंद हाय मोटार. कशाला घाबरायलीस?"

"आबा, आधी हात काढा!" सासऱ्यांपुढे त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. आबा कुरकुरत मागे सरले... आणि मोटार गरकन फिरली.

वहिनींनी हे कंपनीत सांगितलं, तर तिथल्या साहेबांचा उपाय सोपा होता, दिवा मोठा करा. वहिनी अडून बसल्या. गावोगावच्या मोटारींवर जाऊन त्यांनी शेतकऱ्यांना विचारलं होतं आणि बहुतेकांचं उत्तर आबांचंच निघालं होतं. दिवा विझला की माणूस 'बंद' असंच समजतो, मग तो बटण दाबून विझो की लाईट गेल्यामुळे. गोष्ट नोकरीवर आली, पण त्या हटल्या नाहीत. शेवटी स्टार्टरवर एक जाड दांडा आला. आडवा म्हणजे बंद, उभा म्हणजे ऑटो. लाईट नसली तरी डोळ्याला दिसणारा, अंधारात हाताला कळणारा. पहिला आमच्याच मोटारीवर बसला.

तेराव्यानंतर आबा मळ्यात गेले, मी मागोमाग. त्यांनी दांडा आडवा केला आणि जोडात अडकलेला पाला काढू लागले. तेवढ्यात शेजारच्या मळ्यातली मोटार सुरू झाली, म्हणजे लाईट आली होती. आमची मोटार गप्पच राहिली.

आबांनी हात बाहेर काढला, त्याच्याकडे बघत तिथंच खाली बसले आणि रडायला लागले.

"हात हाय रे माजा," म्हणाले, "पोर न्हाई."