सावरीखाली गप्प बसलेली पोर

मी तापट माणूस आहे. गावात कुणालाही विचारा. माझ्या दुधाच्या टेम्पोपुढं म्हैस आडवी आली तर मी म्हशीच्या मालकाशी तर भांडतोच, म्हशीशीही भांडतो. माझ्या या स्वभावावर घरात हसतात, पाहुणे हसतात, मीही हसतो. पण एकदा माझ्या डोळ्यांच्या धाकानं माझी पोरगी गप्प बसली होती आणि ते तिच्या जिवावर बेतलं. ते आठवलं की मला हसू येत नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आमचं गाव भाटघर धरणाच्या पाण्याच्या वर, वेल्ह्याकडच्या डोंगराला टेकून आहे. माझ्या चुलत्यांकडं ठासणीची बंदूक होती. पिकाच्या राखणीसाठी म्हणून आजोबांच्या वेळचा परवाना होता, कागद खरा होता. त्या कागदावर भेकर मारा असं कुठं लिहिलेलं नव्हतं, ते आम्हाला पक्कं माहीत होतं. तरी शिमगा झाला की डोंगरात सावरीला फुलं यायची, ती लाल फुलं पहाटे खाली टपाटपा गळायची आणि ती खायला भेकर यायचं. मग चुलत्यांचे हात शिवशिवायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून बार टाकायचं काम माझ्याकडं आलं होतं.

त्या साली बायको धाकट्याला घेऊन माहेरी, सारोळ्याला गेली होती. पोरगी शाळेमुळं माझ्याजवळ राहिली. नऊ वर्षांची होती. चुलते आणि मी ओट्यावर बसून हळू आवाजात बेत करत होतो, तो तिनं ऐकला आणि माझ्या मागंच लागली. मला पण न्या. मी खेकसलो, हे बायाबापड्यांचं काम न्हाई. पण चुलत्यांना तिचा भारी लळा. ते म्हणाले, शेवटपर्यंत जागा न सोडता बसली तर तिला मोठ्या माणसासारखा पुरा वाटा देऊ. आमच्याकडं शिकारीचा वाटा बसणाऱ्याला मिळतो. जो हलतो, खोकतो, जनावर उठवतो, त्याला हाडूकही मिळत नाही. बाई माणसाला तर असा वाटा कधी मिळालाच नव्हता. पोरीच्या डोळ्यांत असं काही चमकलं की मी बरं म्हणालो.

तीन दिवस मी तिला शिकवलं. ते तीन दिवस फार मजेचे गेले, हे खोटं कशाला बोलू. संध्याकाळी टेम्पो लावला की मी तिला ओट्यावर बसवायचो आणि घड्याळ बघायचो. हात मांडीवर ठेवायचे, मान हलवायची नाही, बघायचं ते नुसत्या डोळ्यांनी. नाकावर माशी बसली तरी हात उचलायचा नाही. मी मुद्दाम गवताची काडी तिच्या कानात फिरवायचो. पहिल्या दिवशी ती फिस्सकन हसली. तिसऱ्या दिवशी तिनं डोळ्याची पापणीही हलवली नाही आणि मी तिला म्हणालो, शाब्बास, तू तर माझ्यापेक्षा पक्की निघालीस. ती एवढी खूश झाली की रात्री जेवताना पण गप्पच बसून दाखवत होती.

भेकराला नाक तिखट असतं आणि कान त्याहून तिखट. म्हणून आदल्या दिवशी तिला साबण लावू दिला नाही, केसांना तेल लावू दिलं नाही. पायांतले पैंजण काढून देव्हाऱ्यात ठेवले. पिवळा फ्रॉक काढून माझा जुना खाकी शर्ट घातला, तो तिच्या गुडघ्याच्या खाली आला. निघताना मी तिला बजावलं, बार झाल्याबिगर तोंडातनं हूं का चूं काढायचं न्हाई, काही झालं तरी. काही झालं तरी, हे मीच म्हणालो होतो.

झुंजूमुंजू व्हायच्या आत आम्ही सावरीपाशी पोचलो. चुलते वरच्या अंगाला एका करवंदीच्या जाळीमागं बसले. मी आणि पोरगी खाली, जुन्या बांधाच्या पडक्या दगडांआड. मी चिमूटभर माती सोडून वारा बघितला, तो आमच्याकडं येत होता, म्हणजे आमचा वास जनावराकडं जाणार नव्हता. ती माझ्या डाव्या हाताला, मला टेकून बसली. थंडी होती. पुढं उजेड फुटला आणि झाडाखालचा लाल सडा दिसायला लागला. फूल पडलं की ती डोळे फिरवून माझ्याकडं बघायची आणि मी डोळ्यांनीच हो म्हणायचो. बापलेकीचं इतकं चांगलं कधी जमलं नव्हतं.

मग भेकर आलं. एकटंच होतं, नर. जाळीतून मान बाहेर काढून उभं राहिलं ते हलेचना. आमच्या नि त्याच्या मधे एक आडवी फांदी होती, बार टाकता येत नव्हता. त्याला काहीतरी खटकलं असावं. ते पुढचा पाय आपटायचं, थांबायचं, परत आपटायचं. एवढ्यात माझ्या शेजारी पोरगी एकदम ताठ झाली. तिचा टेकलेला हात मागं दगडांत गेला होता, तो तिनं झटकन ओढून पोटाशी घेतला. मी नजर तिरकी करून बघितलं. तिनं खालचा ओठ दातांत धरला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मला वाटलं, भेकराची कीव आली. मला असा राग आला म्हणून सांगू. तीन दिवस शिकवलं आणि ऐन वेळेला ही रडतेय. मी डोळे वटारले. एवढ्यावर थांबलो नाही, डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवून जोरानं दाबला, हलशील तर बघ म्हणून. तिनं मान डोलावली. आणि ती हलली नाही. भेकर फांदीच्या बाहेर यायला पंधरा मिनिटं तरी गेली असतील, कदाचित जास्त. तेवढा वेळ माझा हात तिच्या गुडघ्यावर होता आणि खालून तिचा पाय थरथरतोय हे मला कळत होतं. मी आणखी दाबला.

बार झाला. भेकर जागेवर पडलं. मी उठून उडीच मारली. मागं वळलो तर ती तशीच बसलेली.

"पप्पा, आता बोलू का?"

मी म्हणालो, बोल की. तिनं पोटाशी धरलेला हात पुढं केला. करंगळीच्या मुळाशी लाल ठिपका होता, भोवती घाम आल्यासारखं ओलं दिसत होतं. "मला कायतरी चावलं. मगाशीच."

मी दगड उचलून बघितला. खाली तांबडा विंचू होता, बोटाएवढा. ठेचला त्याला. आणि मग पोरीवरच ओरडलो, मग बोलली का न्हाईस म्हणून. ती म्हणाली, "तुमी गुडघा दाबला न्हवं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला वाटलं होतं, मला कळलंय आणि तरीही मी गप्प बस म्हणतोय.

तेव्हाच तिला पाठीवर टाकून पळत सुटायला पाहिजे होतं. पण आमच्या डोंगरात विंचू सगळ्यांना चावतो. मला चार वेळा चावलाय. चुलते खाली आले, त्यांनी बोट बघितलं आणि म्हणाले, ठणकंल दोन तास आन् उतरंल. बार झाला होता, आवाज खाली पाण्यापर्यंत गेला असणार, फॉरेस्टचा माणूस वर यायच्या आत जनावर हलवायला हवं होतं. आम्ही तिला सावरीखाली बसवलं, ओला रुमाल हाताला गुंडाळला, आणि भेकर ओढत जाळीत नेलं. तिथंच फाडलं. पाला टाकला, रक्तावर माती टाकली. मधेमधे मी हाक मारत होतो, ठीक आहेस ना गं, आणि ती हो म्हणत होती. प्रत्येक वेळी हो म्हणत होती.

आम्ही परत आलो तेव्हा तिनं उलटी केली होती आणि ती उलटी मातीनं झाकून ठेवली होती, आम्ही रक्त झाकलं तशी. कपाळावर घामाचे थेंब होते. मी हात हातात घेतला तर तो बर्फासारखा गार. चुलत्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी तिला खांद्यावर टाकलं आणि डोंगर उतरलो, कसा उतरलो ते आठवत नाही. टेम्पोतल्या दुधाच्या किटल्या तशाच रस्त्यावर उतरवल्या. आणि एवढं करूनही, देवा, एवढं करूनही मी घरात शिरून शर्ट बदलला. शर्टावर रक्त होतं. हात धुतले, नखं धुतली, तिच्या अंगातला खाकी शर्ट काढून तिला तिचा फ्रॉक घातला. तोवर ती कॉटवर पडून माझ्याकडं बघत होती. पाच मिनिटं गेली असतील. त्या पाच मिनिटांचा हिशेब मला अजून देता येत नाही.

भोरचा रस्ता पाण्याच्या कडेकडेनं वळणावळणाचा आहे. वळणावर ती माझ्या अंगावर कलंडायची आणि मी सारखा म्हणायचो, बोल, काहीतरी बोल, कायबी बोल. ती बोलत नव्हती. मधेच एकदा तिनं विचारलं, वाटा मिळंल न्हवं? मी हो म्हणालो.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. बोट बघून त्यांनी विचारलं, कधी चावला. माझ्या तोंडून निघून गेलं, झाला असंल अर्धा तास, सरपणाच्या ढिगात. वाटेत ठरवलेलंही नव्हतं, आपोआप आलं. डॉक्टरांनी नाडी धरली, पायाचे तळवे बघितले आणि माझ्याकडं रोखून बघितलं. म्हणाले, अर्ध्या तासात इतकं होत नाही. मग तिच्यावर वाकून त्यांनी तिला विचारलं, बाळा, तू सांग, कधी चावला?

तिनं माझ्याकडं बघितलं. श्वास वर लागला होता, ओठ पांढरे पडले होते, आणि ती बोलायच्या आधी माझ्या डोळ्यांकडं बघत होती. मी डोळे वटारले नव्हते. मी काहीच केलं नव्हतं. पण तिला तेवढंही पुरेसं होतं, ती गप्प राहिली.

डॉक्टर मला म्हणाले, "पोरगी जाईल हातातून. खरं सांगा."

मी म्हणालो, अडीच तास झाले, जास्तच. डॉक्टरांनी नर्सबाईंना हाक मारली, गोळी दिली, सुई लावली, मला बाहेर काढलं. मी बाहेर बाकड्यावर बसलो. आईशप्पथ सांगतो, तिथं बसून मी सगळ्या देवांना शब्द दिले, बंदूक धरणार नाही, मटणाला शिवणार नाही, कुणावर ओरडणार नाही. त्यातला पहिला तेवढा पाळला. तेवढ्यात चुलत्यांचा फोन आला. पोरगी कशी हाय विचारलं आणि मग हळूच म्हणाले, तिचा वाटा वेगळा काढून ठेवलाय, कुठं ठिवू. मी फोन बंद केला.

दुपारनंतर तिच्या हातापायांत ऊब आली. डॉक्टरांनी आत बोलावलं, म्हणाले, धोका टळला, रात्रभर ठेवू. मी तिच्या उशाशी उभा राहिलो. तिनं माझा शर्ट चाचपला आणि विचारलं, "रक्ताचा बदलला न्हवं?" मी हो म्हणालो.

तेवढ्यात बायको सारोळ्याहून आली, चुलत्यांनी फोनवर कळवलं असणार. कुणाच्या तरी टेम्पोतून उतरून धावतच आली असावी, पदर सुटलेला, धाकटा कडेवर. तिनं पोरीला कवटाळलं, रडून घेतलं, आणि मग माझ्याकडं वळून विचारलं, कसा चावला, कुठं चावला, तुमचं ध्यान कुठं होतं. आता सांगावं असं खरंच मनात आलं होतं.

पण पोरगी आधी बोलली. "मी सरपण काढत हुते, आई. ढिगात हात घालू नगं असं पप्पा म्हनत हुते. म्याच घातला."

मी तिला काही शिकवलं नव्हतं, काही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांपुढं मी जे बोललो, ते तिनं पडल्या पडल्या ऐकलं होतं आणि त्यात माझी सुटका स्वतःच्या मनानं घातली होती. बोलताना तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बायकोचा धीर सुटला होता. तिनं पोरीच्या दंडावर फाडकन चापट मारली, ऐकत न्हाईस बापाचं, म्हणाली, आज काय झालं असतं. पोरीनं हूं की चूं केलं नाही. मी कॉटच्या पलीकडं उभा होतो, हात लांबवला असता तर ती चापट अडवता आली असती, आणि मी गप्प राहिलो.