फाटक्याची साक्ष

लाकडाच्या वखारीच्या फाटकावर तो अकरा वर्षं उभा राहिला, म्हणून सगळे त्याला फाटक्याच म्हणत. कपडेही नावाला शोभतील असेच. मालक शिव्या घालायचा, कधी हाताला येईल ती फळी फेकून मारायचा. फाटक्या ती चुकवायचा आणि मुकाट्यानं उचलून ढिगावर ठेवायचा. वखारीतली दोन कुत्री मात्र त्याच्या शब्दाबाहेर नव्हती. त्यांचं खाणं, आंघोळ, पिंजऱ्याची कडी, सगळं त्याच्याकडेच.

एकदा भरदुपारी करवतीवरच्या कारागिराची बायको आली. मालकानं कारागिराला आठवड्यापूर्वी हाकललं होतं, पण त्याची हत्यारांची पेटी अडकवून ठेवली होती.

"पेटी द्या, मी चालले," ती म्हणाली.

"निघ इथून."

ती ओंडक्यावर बसली. "पेटी घेतल्याशिवाय हलायची नाही मी."

"फाटक्या, कडी काढ," मालक म्हणाला.

"मालक, बाईमाणूस आहे हो..."

"काढतोस, की तुलाच आत कोंडू?"

फाटक्यानं कडी काढली.

एका कुत्र्यानं तिचा हात धरला, दुसऱ्यानं पोटरी. ती तोंडावर भुशात पडली. बघता बघता भुसा लाल झाला. फाटक्यानं घसा फोडून हाका मारल्या, पण त्या दिवशी कुत्र्यांनी पहिल्यांदाच त्याचं ऐकलं नाही. तेव्हा त्यानं पहार उचलली आणि मोठ्या कुत्र्याच्या कवटीत घातली. तिसऱ्या घावाला हाड फुटलं. दुसऱ्याचा जबडा उचकटताना त्याची दोन बोटं तुटली. आणि मालक ऑफिसच्या दारातून ओरडत होता, "अरे, माझा कुत्रा मारलास!"

बाई वाचली. पण हात कोपरापासून काढावा लागला. तिनं मालकावर आणि फाटक्यावर भरपाईचा दावा लावला.

मालकाच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं. बाई न विचारता आत शिरली, जा म्हटलं तरी बसून राहिली, अशा माणसाची जबाबदारी मालकावर येत नाही, आणि कडी तर आपोआप निसटली. ती निसटली एवढंच फाटक्यानं सांगायचं होतं. तो नाही म्हणाला.

साक्षीच्या आदल्या सकाळी वखारीच्या दोघा हमालांनी त्याला गल्लीत गाठलं. अकरा वर्षं एका डब्यातून जेवलेली माणसं. "आमच्याही पोटाचा प्रश्न आहे रे," असं म्हणत त्यांनी त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, लाथांनी जबडा मोडला.

त्याच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, त्याला दवाखान्यात नेलं. तोंडातलं रक्त पुसत ती म्हणाली, "उद्या जायचं. त्याचं झाकायचं नाही, आणि तुझंही नाही."

दुसऱ्या दिवशी जबडा तारेनं बांधलेला. न्यायाधीशबाईंनी त्याला खुर्ची द्यायला लावली. "सावकाश सांगा. कडी निसटली का?"

"नाही. मालक म्हणाले काढ, म्हणून मी काढली."

मालकाचा वकील चवताळून उठला. "तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं?"

"आलं असतं," फाटक्या म्हणाला.

महिन्याभरानं निकाल लागला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "जा म्हणायचा मालकाला हक्क होता, फाडून काढायचा नव्हता. न बोलावता आलेल्याच्या जिवालाही जाणूनबुजून इजा करायची नाही, हे त्यांचं कर्तव्य होतं. नोकरानं कामावर असताना हुकमावरून जे केलं, ते मालकानं केल्यासारखंच. पण हुकूम होता म्हणून नोकर सुटत नाही." भरपाईचे नऊ हिस्से मालकानं द्यायचे, एक फाटक्यानं.

मालक खुर्च्या लाथाडत धावला आणि फाटक्याच्या नुकत्याच सांधलेल्या जबड्यावर त्यानं ठोसा मारला. पोलिसांनी त्याला फरशीवर पालथा घालून हात मागे पिरगाळले.

बाहेर व्हरांड्यात कारागिराची बायको उभी होती, रिकामी बाही पिन लावून दुमडलेली. फाटक्या रक्त गिळत म्हणाला, "माझा हिस्सा दर महिन्याला आणून देईन, वहिनी."

"पोस्टानं पाठव. माझ्या दारात यायचं नाही." ती दोन पावलं गेली आणि वळली. "पहार उचललीस म्हणून मी जिवंत आहे, हे कळतं मला. पण कडीही तूच काढलीस."

फाटक्यानं पुढं विटांच्या भट्टीवर काम धरलं. सहा वर्षं हप्ते भरले, एकही चुकवला नाही. शेवटचा पाठवून घरी आला तेव्हा ताई म्हणाली, "चला, फिटलं एकदाचं."

"कोर्टाचं फिटलं," तो म्हणाला, आणि हात धुऊन जेवायला बसला.