एकसष्ट डिग्री ताप

माझ्या उपचारांनी आजवर एकच रुग्ण मरणाच्या दारापर्यंत गेला, आणि त्याला आजार कोणताच नव्हता. तो माझ्या सासुरवाडीच्या कम्प्युटरचा प्रोसेसर होता.

मी उपचार करायला गेलोच कशाला, हे सांगायचं तर लग्नापर्यंत मागं जावं लागेल. मी दिघोरीचा, बायको चिखल्याच्या मँगनीज-खाणीवरची. म्हणजे भंडारा जिल्ह्याची दोन टोकं. सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थानं (हे गृहस्थ गोंदिया वेगळा झाल्यावरही दोन्हीकडची लग्नं जमवत फिरायचे, त्यांच्या लेखी जिल्हा फुटलाच नव्हता) चिखल्याला सांगून टाकलं, "पोरगा कम्प्युटरात आहे." मी कम्प्युटरात नव्हतो. मी एका कार्यालयात कम्प्युटरच्या समोर होतो आणि दाखले टाइप करत होतो. पण लग्न ठरत असताना कोणता मुलगा आपल्या कौतुकात दुरुस्त्या सुचवतो? लग्नानंतर तर अख्ख्या खाण-वसाहतीत 'कम्प्युटरवाले जवाई' म्हणून माझी ख्याती झाली. खरं काय ते फक्त बायकोला, वंदनाला, ठाऊक होतं. ती चांगल्या घरची असल्यामुळे चारचौघांत काही बोलत नव्हती.

लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. मे महिना होता. शनिवारी सकाळी आम्ही दोघं चिखल्याच्या क्वार्टरात पोचलो. जयभीम-जयभीम झालं, पाणी झालं, आणि चहाच्या आधीच माझी साळी प्रज्ञा समोर येऊन उभी राहिली.

"जिजाजी, कम्प्युटर लय आवाज करून राह्यला. पाहून द्या न जरा."

"सोमवारी हिचा प्रबंध द्याचा आहे नागपूरले," सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी मामी म्हणतो. "सारं त्याच्यातच आहे बाप्पा."

प्रज्ञा समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होती. खाणीवर मँगनीजचे दगड फोडणाऱ्या, वेचणाऱ्या बायांच्या कहाण्या हा तिचा विषय. त्यातली पहिली मुलाखत खुद्द मामींची. मामींनी तरुणपणी बरीच वर्षं ते काम केलं होतं, पण त्याबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. हिवाळ्यात एके दिवशी लेकीनं विचारलं आणि त्या बोलत सुटल्या. त्या बोलत होत्या आणि प्रज्ञा थेट टाइप करत होती. कागद नाही, वही नाही. जे काही होतं ते त्या डब्यात. एक प्रत पेन ड्राइव्हवर असायला हवी होती, पण तो पेन ड्राइव्ह दिवाळीत मी नेला होता आणि त्यात आमच्या लग्नाचा व्हिडिओ भरून ठेवला होता. (तीन तासांचा. आजवर कोणीही पाहिलेला नाही.)

आवाज येत होता तो फक्त आतल्या पंख्याचा. चिखल्यात मालाचे ट्रक दिवसभर धावतात, घराघरात काळी धूळ बसते, तशी ती पंख्यातही बसली असणार. मऊ ब्रशनं झटकली असती तर मामला तिथंच संपला असता. पण कम्प्युटरवाला जवाई ब्रश घेऊन बसला तर त्याला कोण विचारणार? आमच्या कार्यालयात एक जण कम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबून निळा पडदा उघडायचा, ते मी पाहून ठेवलं होतं. मी बटण दाबलं. निळा पडदा आला. त्यावर प्रोसेसरचं तापमान लिहिलेलं होतं.

"एकसष्ट!" मी ओरडलो.

"एकसष्ट म्हंजे?" मामींनी विचारलं.

"डिग्री! सेल्सिअस!"

"अगो माय! भंडाऱ्यात सेहेचाळीस झालं तं मानसं मरून राह्यले! एकसष्ट?"

"जिजाजी, कितीपर्यंत चालते याले?" प्रज्ञाचा चेहरा उतरला होता.

खरं उत्तर 'मला माहीत नाही' हे होतं. ते मी तीन वर्षांत त्या घरात एकदाही वापरलं नव्हतं. "चाळीस," मी म्हणालो. "फार तर बेचाळीस. त्याच्यावर गेला तर मेंदूत ताप जातो."

वंदनानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

पहिला उपचार म्हणून खिडकीतला कूलर काढून तो कम्प्युटरच्या तोंडासमोर लावला. घरात कूलर एकच. त्यामुळे घरातली पाच माणसं घामानं निथळत होती आणि कम्प्युटर वाळ्याच्या वासात बसला होता. पण आकडा सत्तावन्नवर आला! टाळ्या पडल्या. तिथं थांबलो असतो तर... पण यश आलं की मला थांबता येत नाही. मी डब्याचं झाकण काढलं आणि दुसऱ्या बाजूनं टेबल फॅन लावला.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, बाजेवर उताणे पडून हे सगळं पाहत होते. मामाजींची सारी नोकरी खाणीत गेली. जमिनीखालच्या बोगद्यांत हवा खेळती ठेवणाऱ्या पंख्यांची देखभाल हे त्यांचं काम.

"जवाई," ते म्हणाले, "इकून हवा अंदर, तिकूनही हवा अंदर. मंग थे निंगन कोठून?"

"मामाजी, हे काही खदान नोहोय. हा कम्प्युटर आहे."

"हवा तं तेच आहे न?"

अडाण्यांशी काय वाद घालायचा! आकडा त्रेसष्टवर गेला.

"वाढला!" प्रज्ञा रडकुंडीला आली.

"ताप उतरायच्या आधी एकदा वाढतोच," मी म्हणालो. (हे मला आईनं माझ्या गोवराच्या वेळी सांगितलं होतं.)

मग मामींना सुचलं. त्यांचा माठ ओल्या बोऱ्यात, म्हणजे गोणपाटात, गुंडाळून ठेवलेला असे आणि त्यातलं पाणी दातांना झिणझिण्या आणी. "माठ थंडा होते तं हा काहून नाई होनार?" हा प्रश्न मला शास्त्रीय वाटला. झाकण परत लावलं, बोरा भिजवला, घट्ट पिळला आणि डब्याला चहूबाजूंनी गुंडाळून सुतळीनं बांधला. हवेची होती नव्हती ती सगळी भोकं बंद! मामाजी बाजेवर उठून बसले, त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत आडवे झाले.

एकाहत्तर.

एव्हाना शेजारपाजारचे लोक दारात जमले होते आणि आकडा विचारून जात होते. कोणी पन्हं पाजायला सांगितलं नाही एवढंच. आता माघार घेणं शक्य नव्हतं. मी बोरा सोडला, कम्प्युटर बंद केला आणि गंभीर आवाजात जाहीर केलं, "ऑपरेशन करावं लागेल."

आत एक पंखा होता, त्याच्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा. तो मी स्क्रू काढून उचलला आणि मला रोगाचं मूळ सापडलं! खाली जो चौकोनी प्रोसेसर होता, त्याच्यावर काहीतरी पांढरं, चिकट माखलेलं होतं. ठोकळ्याच्या बुडालाही तेच.

"बुरशी!" मी सगळ्यांना दाखवली. "पाहा! ही आतून खाऊन राहिली होती त्याला."

मामी हळहळून चुकचुकल्या. मी कापसानं ती बुरशी पुसली, परत परत पुसली, तोंड दिसेल इतका प्रोसेसर चकचकीत केला आणि ठोकळा जागच्या जागी बसवला. मग छाती काढून बटण दाबलं.

"ब्याऐंशी," प्रज्ञा वाचू लागली. "अठ्ठ्याऐंशी... जिजाजी... पंच्याण्णव..."

पडदा काळा झाला.

परत सुरू केला. परत काळा. तिसऱ्यांदा तर निळा पडदा दिसलाच नाही. प्रज्ञा भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिचे खांदे हलू लागले. मामी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "राहू दे माय. मी परत सांगीन. आठवन तेवढं." मला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि खाली खाण आहे म्हटल्यावर ते फार अवघडही नव्हतं.

त्या संध्याकाळी कोणी मला काही म्हणालं नाही. चांगलं जेवायला वाढलं. त्याचाच जास्त त्रास झाला.

रविवारी सकाळी मामाजी बाजेवरून उतरले आणि माझ्याशेजारी येऊन बसले.

"जवाई, थे बुरशी कोठं होती म्हनता?"

"त्या चौकोनाच्या आन् ठोकळ्याच्या मधात."

"फक्त मदातच?"

"हाव."

"बाजूले कोठंच नाई?"

"नाई."

मामाजींनी शांतपणे विडी पेटवली. "एवढी बरोब्बर चौकोनी बुरशी म्या उभ्या जन्मात पाह्यली नाई. थे कोनीतरी लावली असन. दोन लोखंडं एकमेकाले धरून बसावं म्हून आमीही खदानीत मशीनले काही ना काही लावो. दुकानवाल्याले फोन करा."

कम्प्युटर तुमसरच्या दुकानातून आणलेला होता. मी फोन केला. सगळं ऐकून दुकानदार इतका हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अरे भाऊ, वो पेस्ट है! प्रोसेसरची गरमी ठोकळ्यात जावी म्हून लावते! आन् एकसष्ट तं काहीच नाही. या उन्हाळ्यात साठ-सत्तर नॉर्मल है. नव्वदच्या वर गेला का आपोआप बंद होते, जळू नये म्हून. हुशार असते थे."

"म्हणजे मेला नाही?"

"कायले मरन? पेस्ट घेऊन जा. पन एक वाजता दुकान बंद करतो, आज रविवार आहे."

मामाजींची जुनी स्कूटर काढली. अकरा वाजून गेले होते, रस्ता तव्यासारखा तापला होता. मामी दारात दुपट्टा आणि कांदा घेऊन उभ्या. "डोक्स्याले बांधा. कांदा खिशात ठेवा."

"मामी, मी काय लहान आहे?" असं म्हणून मी तसाच निघालो. चुका केलेल्या माणसाला ऊनही आपण सोसलंच पाहिजे असं वाटतं. शिवाय दुपट्ट्यानं केस विस्कटतात.

दुकान बंद व्हायला दहा मिनिटं असताना पोचलो. दुकानदारानं बोटाएवढी सुईसारख्या तोंडाची नळी हातात दिली. "तांदळाच्या दाण्याएवढाच लावाचा. जास्त नाही."

"जाडा का बारीक?" मी विचारलं. मी धानाच्या गावचा माणूस; आमच्याकडे तांदूळ म्हटला की हा प्रश्न येतोच. दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढलं.

परत आलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तरी मी नळी उघडून ती सगळी पिळायच्या तयारीत होतो (एवढ्या आजाऱ्याला एक दाणा कसा पुरणार?), पण मामाजींनी ती हातातून काढून घेतली. त्यांनी जुन्या दाढीच्या ब्रशनं ठोकळ्याचं एकेक पातं साफ केलं. मूठभर काळी धूळ निघाली. दाण्याएवढी पेस्ट लावून ठोकळा बसवला. कम्प्युटर भिंतीपासून वीतभर पुढं ओढला, हवा बाहेर जाते ना ते पाहायला मागच्या पंख्यावर हात धरला आणि प्रज्ञाला म्हणाले, "लाव."

एकोणसाठ.

आवाजही नव्हता. प्रज्ञानं फाइल उघडली. पहिल्याच पानावर मामींचं नाव होतं. मामी अक्षर-अक्षर जोडत आपलं नाव वाचू लागल्या, मग खालची ओळ, वंदनाला टोपलीत निजवून दगड फोडल्याची. वाचता वाचता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. वंदनाही रडली. मलाही भरून आलं, आणि मी जमिनीवर बसलो, आणि मग आडवाच झालो.

मामींनी थर्मामीटर लावला. एकशे तीन! म्हणजे सेल्सिअसमध्ये चाळीसही नाही. प्रोसेसर एकोणसाठवर मजेत प्रबंध छापायच्या तयारीत होता आणि मला एकोणचाळीसातच उन्हानं आडवं केलं होतं. कूलर माझ्याकडे फिरवला. कालचाच बोरा भिजवून दाराला लावला. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या आल्या.

म्हणतात की त्या तापातही मी थांबलो नाही. "प्रज्ञा, सेव्ह कर! दर ओळीला सेव्ह कर! कूलर डाव्या हाताला घ्या! टेबल फॅन कुठं आहे?"

मामाजी पट्टी बदलता बदलता म्हणाले, "दुकानवाला सांगत होता, लय तापला का मशीन आपोआप बंद होते. आपले जवाई कितीवर बंद होतेत वं, वंदना?"

तीन वर्षं चारचौघांत एक शब्द न बोललेली माझी बायको म्हणाली, "नाई होत, बाबा. मी लग्नापासून वाट पाहून राह्यली."

मग मी बंद झालो.