बसा, विचारते

प्रिय सई आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर सईने विचारलं, "आजी, तू अजून औषधं आणायला खाली दुकानात कशाला जातेस? घरी मागव ना." मी म्हटलं, सवय आहे. ते उत्तर अर्धवट होतं. पूर्ण उत्तर एका बाईंबद्दल आहे, आणि त्या या फेब्रुवारीत गेल्या, म्हणून ते आता लिहून ठेवते. तुम्ही त्यांना ओळखता, त्या मेडिकलवाल्या ताई. सुट्टीत डोंबिवलीला आलात की त्या तुमच्या तळहातावर संत्र्याची आंबटगोड गोळी ठेवायच्या. प्रत्येकी एकच. दुसरी मागितलीत की म्हणायच्या, "औषध आहे ते, खाऊ नाही."

त्या राहायच्या आपल्याच इमारतीत, आणि खाली कोपऱ्यावरचं त्यांचं मेडिकलचं दुकान एवढं लहान, की आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. त्या तिसऱ्यासाठी पायरीशी एक लाकडी स्टूल असे. डॉक्टरांची चिठ्ठी हातात आली की ताई आधी चष्मा कपाळावर चढवायच्या आणि चिठ्ठी नाकाजवळ न्यायच्या. औषध दुकानात नसेल तर "नाही" म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. स्टुलाकडे बोट करून त्या म्हणायच्या, "बसा, विचारते," आणि फोन उचलायच्या.

मला वाटायचं, त्या घाऊक व्यापाऱ्याला विचारतात. पण त्या विचारायच्या दुसऱ्या दुकानदारांना. केमिस्ट असोसिएशनच्या आपल्या भागातल्या सेक्रेटरी त्याच होत्या. अशा संघटना म्हणजे वर्षातून एक जेवण आणि एक कॅलेंडर, एवढीच माझी समजूत होती. ते दोन्ही असायचंच. पण एखाद्याकडे वीज गेली की त्याच्या फ्रिजमधलं इन्सुलिन इन्व्हर्टरवाल्या दुकानात हलवायचं, गणपतीत कोण उघडं ठेवणार ते ठरवायचं, नवा नियम आला की तो सगळ्यांना समजावून सांगायचा, आणि नव्या दुकानदाराकडे तपासणी असेल तर कुणीतरी जुन्याने त्याच्या शेजारी जाऊन बसायचं, हेही असायचं. ही सगळी एकेकट्या माणसाची छोटी दुकानं. एकमेकांची स्पर्धकच.

मी एकदा विचारलं, "दुसऱ्याकडून औषध आणता, उद्या गिऱ्हाईक थेट त्याच्याकडेच गेलं तर?"

"गिऱ्हाईक कुठे जातंय? ते माझ्या स्टुलावर बसलंय."

तुमच्या आजोबांच्या हाताच्या कंपाची गोळी एकदा कुठेच मिळेना. ताईंनी असोसिएशनच्या ग्रुपवर विचारलं. संध्याकाळपर्यंत कल्याणहून एक पाकीट आलं, खोपटहून एक, टिटवाळ्याहून एक, आपल्या स्टेशनजवळच्या दोन दुकानांतूनही आली. ज्याच्याकडे होती त्याने पाठवून दिली, आणि एकानेही ग्रुपवर तसं कळवलं नाही. ताईंनी सगळी पाकिटं काउंटरवर मांडली आणि कपाळावर हात मारला. "आमची माणसं ही अशी. मदत करायची म्हटली की विचारणं नाही, सांगणं नाही." आजोबा शांतपणे म्हणाले, "आता एवढं जगावंच लागेल मला." ताईंनी एक पाकीट आम्हाला दिलं आणि बाकीची ज्याची त्याला परत पाठवली.

त्यानंतर असोसिएशनचे इंग्रजी अर्ज मी तपासून देऊ लागले. ठाण्याच्या कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं, ते कुठेतरी उपयोगी पडावं. आमचं भांडण नेहमी शेवटच्या ओळीवर व्हायचं. 'प्लीज डू द नीडफुल' मी खोडायचे, ताई ती परत घालायच्या.

"ताई, हे चांगलं इंग्रजी नाही."

"नसू दे. ही ओळ नसली तर साहेबांना वाटतं, अर्ज अजून संपलेला नाही."

मग चौकात मोठ्या साखळीचं औषधांचं दुकान आलं. चकचकीत दिवे, बाहेरूनच जाणवणारा गारवा, दारावर सवलतीचे फलक. त्यांचा एक टाय लावलेला तरुण ताईंकडे येऊन गेला. बोलायला फार नम्र. "मॅडम, हा गाळा आम्हाला द्या, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या. टेन्शन सगळं आमचं." ताई म्हणाल्या, "टेन्शनशिवाय मला जेवण जात नाही."

पण त्याच पावसाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पुढे कित्येक महिने अंथरूण. आता कायदा असा आहे की नोंदणी झालेला फार्मासिस्ट हजर नसेल तर औषधाचं दुकान उघडता येत नाही. त्या दुकानात फार्मासिस्ट एकच, ताई. यजमान कधीच गेलेले. मुलगी मुक्ता फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला, तिची नोंदणी व्हायला अजून अवकाश. तोवर शटर खाली राहिलं असतं तर रोजचं गिऱ्हाईक कायमचं चौकात गेलं असतं. टायवाला तरुण हॉस्पिटलात फुलं घेऊन आला. मुक्ता मला जिन्यात गाठून म्हणाली, "काकू, आईला सांगू नका, पण मी त्यांना हो म्हणायचा विचार करतेय."

ताई घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले, तर दुकानाचं शटर वर. आत असोसिएशनचे पाच फार्मासिस्ट खांद्याला खांदा लावून उभे. कल्याणचे, खोपटचे, टिटवाळ्याचे काका, स्टेशनजवळचे दोघे. प्रत्येकाला वाटलेलं, आपणच जायला हवं. गिऱ्हाईकाला आत पाय ठेवायला जागा नव्हती. मला भरून आलं. मी लगेच वर जाऊन ताईंना सांगितलं.

त्यांनी पडल्यापडल्या एवढंच विचारलं, "मग त्यांच्या दुकानांत कोण बसलंय?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला. "एक दुकान उघडायला बाकीची बंद करून आलात? साखळीवाला पेढे वाटत असेल."

खालून कुणीतरी म्हणालं, "ताई, बाकीचे पण येतील असं वाटलं नव्हतं."

"ग्रुप कशाला आहे मग? गुड मॉर्निंगची फुलं टाकायला?"

मग टिटवाळ्याच्या काकांचा आवाज आला. "माझं दुकान चालू आहे ताई. मुलगा बघतो, तोही फार्मासिस्टच. मी रिकामाच आहे, घरी सूनबाई शेंगा निवडायला बसवते. मी थांबतो इथे, मुक्ताची नोंदणी होईपर्यंत."

ताईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "काका, सकाळी चहा माझ्याकडे घ्यायचा. आणि बाकीच्यांनी निघा रे आता."

दुकानाच्या परवान्यावर काकांचं नाव रीतसर लागावं म्हणून ठाण्याच्या औषध प्रशासनाच्या ऑफिसात अर्ज करायचा होता. तो मी लिहिला, आणि शेवटी 'प्लीज डू द नीडफुल' स्वतःहून घातलं. ताई तो वाचून माझ्याकडे बघत हसल्या. साहेबांनीही आक्षेप घेतला नाही.

काका थांबले. त्यांना गावी जायचं असलं की ग्रुपवर विचारून, ज्याला आपलं दुकान दुसऱ्या फार्मासिस्टवर सोपवता येईल तोच यायचा. ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल यायचा, त्याच्याशी उधारीबद्दल असोसिएशननेच बोलून ठेवलं होतं. टायवाला तरुण पुन्हा आला तेव्हा काकांनी त्याला स्टुलावर बसवलं, "विचारतो" म्हणाले आणि वर फोन लावला. निरोप आला, "त्यांना म्हणावं, तुमच्या दुकानात येऊन लोकांना सर्दी होतेय. एसी कमी करा." तो बिचाराही हसला. नंतर तो फक्त खोकल्याच्या गोळ्या घ्यायला यायचा.

मुक्ताची नोंदणी झाली त्या दिवशी ताई वॉकर घेऊन खाली उतरल्या. काउंटरच्या आत न जाता त्यांनी गिऱ्हाईकासारखी आपली चिठ्ठी पुढे केली. मुक्ताने फडताळं पाहिली, खालचा खण पाहिला. हाडांची ती गोळी नेमकी नव्हती.

"बसा, विचारते," ती म्हणाली, आणि मग जीभ चावली. "आई, तू बस ना."

ताई स्टुलावर बसल्या आणि चष्मा काढून पदराने बराच वेळ पुसत राहिल्या. पुढची काही वर्षं त्या तिथेच दिसायच्या, येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस करत आणि मुक्ताच्या चुका काढत.

त्या गेल्या त्या दिवशी असोसिएशनची सगळी माणसं आली, पण पाळीपाळीने, ग्रुपवर विचारून. कोणाचंही दुकान बंद नव्हतं. ताईंनी मुक्ताला सांगून ठेवल्याप्रमाणे त्यांचंही उघडं होतं. टिटवाळ्याचे काका, आता बरेच थकलेले, आत बसले होते आणि लोकांना औषधं देत होते.

मे महिन्यात याल तेव्हा आपण खाली जाऊ. दुकान मुक्ता चालवते आणि असोसिएशनची सेक्रेटरीही आता तीच आहे. स्टूल पायरीशी आहे. संत्र्याची गोळी अजूनही प्रत्येकी एकच मिळते.